हात आणि हेतु

बोरघाटांतील बोगद्यांत मोटार शिरली कीं क्षणांत अंधार होतो, आणि बाहेर पडतांच ऊन डोळ्यांवर येतें. तेथें आमचे डोळे दिपतात. मग चालकाच्या हाताची खूण ओळखणाऱ्या यंत्रानें काय करावें? २०१५ सालीं बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें आपल्या एका मोटारींत अशी सोय केली, कीं बोट हवेंत गोल फिरवितांच ध्वनि कमीजास्त व्हावा. साधा कॅमेरा बाहेरच्या उजेडावर विसंबतो. म्हणून छतांतील हें यंत्र डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण स्वतःच सोडतें, आणि ते हातावरून परतण्यास लागलेल्या वेळावरून अंतर मोजतें. उन्हांतहि हे किरण असतातच. ते हिशेबांतून वजा करावे लागतात.

भरताच्या नाट्यशास्त्रांत एका हाताच्या २४ मुद्रा सांगितल्या आहेत. परंतु प्रेक्षक मुद्रेबरोबर प्रसंगहि पाहतो. यंत्रास हात दिसतो, हेतु दिसत नाहीं. बोलतांना सहज फिरविलेलें बोटहि तें आज्ञा समजेल. चालकाची नजर रस्त्यावर राहावी म्हणून ही युक्ति. तीच नजर ध्वनि कां वाढला हें शोधूं लागली, तर लाभ कोणता? सबब आमची विनंति एवढीच, कीं मोटार हांकणाराशीं प्रवासांत वाद घालूं नये. त्याचे हात चाकावरच शोभतात.