अन्नपाननिरोध



वैशाखातली दुपार होती. ठाकुरवाडीची एक वृद्धा करवंदांची पाटी घेऊन कर्जतच्या बाजारात आमच्या दुकानाच्या पायरीशी टेकली आणि तिने पाणी मागितले. माठ भरलेला होता, तरी गल्ल्यावर बसलेल्या माझ्या तोंडून निघून गेले, "पुढे नळ आहे." ती काही न बोलता उठली. त्या सायंकाळी मी सूर्यास्तापूर्वी जेवलो, प्रतिक्रमणही केले. पण 'मिच्छामि दुक्कडं' म्हणताना ती पाटी डोळ्यांपुढून हलेना.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार शास्त्रात सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. कोणाचे अन्नपाणी अडवणे हे शास्त्राने मारहाणीच्याच पंक्तीला बसवले आहे.

याच अन्यायाविरुद्ध आपल्या जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला सत्याग्रह झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली केला. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह शिस्तीने तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर त्या निःशस्त्र लोकांवर लाठ्या पडल्या. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ल्यापासून आवरले. पुढचा लढा न्यायालयात चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. दहा वर्षांचा हा धीर दुर्बलाचा नव्हे.

अहिंसक प्रतिकारात परीक्षा दोघांची असते. प्रतिकार करणाऱ्याला राग आवरावा लागतो. ज्याच्याविरुद्ध तो होतो त्याला अहंकार सोडावा लागतो. आपण व्यापारी बहुधा या दुसऱ्या बाजूला असतो. पोत्याचे वजन कमी करा म्हणून हमाल काम थांबवून शांतपणे बसतात, तेव्हा आपल्याला त्यात उर्मटपणा दिसतो की अतिभारारोपणाची आठवण होते? कोणी हात न उगारता 'नाही' म्हणतो, तेव्हा त्याचे ऐकून घेणे हीही अहिंसाच आहे.

ती वृद्धा भांडली नाही. तिने नुसती पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशी मी माठ आतून उचलून पायरीवर आणून ठेवला. आता पाणी कोणाला मागावे लागत नाही.