खाला म्हणाल्या, "ये तो सरगुंडे है!"

अकोल्याला एका वलीम्याच्या दावतीत बिर्याणीच्या शेजारी पास्त्याचा काउंटर होता. पोरांची सगळी गर्दी तिथेच. माझ्यासोबतच्या खालांनी प्लेटमधली पिळाची नळी बोटांत धरून पाहिली आणि म्हणाल्या, "अरे, ये तो सरगुंडे है!" पोरं हसली. खाला मात्र अगदी बरोबर बोलल्या होत्या.

सरगुंडे म्हणजे गव्हाच्या घट्ट कणकेची बारीक लड काडीवर गुंडाळायची, हलकेच सरकवून काढायची, वाळवायची आणि पाण्यात शिजवून आमरसाबरोबर खायची. सिसिली बेटावरच्या त्रापानीत 'बुसियाते' नावाचा पास्ता असाच करतात. तिथेही लड काडीवर गुंडाळतात, आणि नावही त्या काडीवरूनच पडलं. बारी शहराच्या जुन्या गल्ल्यांत बायका दारात बसून 'ओरेकिएत्ते', म्हणजे छोटे कान, वळतात. लोक थांबून बघतात, विकत घेतात. आपल्याकडे नखुल्या, बोटवे, गव्हले आहेत, पण माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींना ही नावं ठाऊक नाहीत. पेने आणि मॅकरोनी ठाऊक आहेत.

सिसिलीचाच आणखी एक किस्सा. तिथल्या राजा रॉजर दुसरा याच्यासाठी अल-इद्रीसीने ११५४ मध्ये भूगोलाचा ग्रंथ पूर्ण केला. पालेर्मोजवळच्या त्राबियात 'इत्रिया' बनते आणि जहाजांनी मुसलमान व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलुखांत जाते, असं त्यात लिहिलं आहे. इत्रिया हा वाळवलेल्या शेवयांसाठीचा अरबी शब्द. दक्षिण इटलीत एका पास्त्याला आजही 'त्रिया' म्हणतात. शेवया मुसलमानांच्या आणि सरगुंडे हिंदूंचे, असं कोणी सांगू लागलं की मी त्याला इद्रीसी ऐकवतो. तसं इद्रीसीपर्यंत जायचीही गरज नाही. अमरावतीच्या आमच्या गल्लीत पितळी मशीन एकच होतं. ते ज्यांच्या बाजेला लावलेलं असेल, त्यांच्या अंगणात दोन्हीकडच्या बायका जमत.

गव्हाचंही तेच. वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाच्याच रव्याचा हवा, असा कायदा इटलीने १९६७ मध्ये केला. ड्युरम म्हणजे आपला बन्सी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं 'शरद' हे वाण त्याच जातीचं. म्हणजे गहू आपल्याकडे आहे, हात आहेत, आकारही आहेत. कमी आहे ती किमतीची, आणि ती कमी आपणच केली आहे.

इटालियन पाकिटावर छापलेला भाव आपण मुकाट्याने देतो. रमजानच्या आधी मोहल्ल्यातली बाई हाताच्या शेवया घेऊन आली की "घरीच तर करता, एवढे पैसे कशाचे?" असं तिला विचारतो. मीही विचारलं आहे, आणि शिरखुर्मा खाताना ते आठवून लाजलोही आहे. दूध नि खजूर यांचं नाव त्या पदार्थात फारसीतून आलं, शेवयांचं नाही. मग करणारीचं कुठून येणार? पाकिटावर तिचं नाव, गव्हाचं नाव आणि तिने सांगितलेला भाव असावा, एवढंच माझं म्हणणं आहे. बचत गटांना हे अवघड नाही. गिऱ्हाईक म्हणून आपल्याला मात्र अवघड जातं.

यंदा मी ठरवूनच तिला म्हटलं, "आपा, भाव तुम्हीच सांगा, मी काही बोलणार नाही."

तिने थोडा विचार केला आणि गेल्या वर्षी मी पाडून घेतलेला भावच सांगितला.