शत्रूची साक्ष

धाराशिवात एका घरगुती बैठकीत सेतुमाधवराव पगडींचा विषय निघाला, तेव्हा एक शिकलेसवरलेले गृहस्थ म्हणाले, “माणूस मोठा खरा, पण जन्मभर मोगलांचीच कागदपत्रे उपसत बसला. आपल्याकडे बखरी नव्हत्या काय?” बैठकीतल्या चौघांनी माना डोलावल्या. यजमानांचा चहा गोड लागावा म्हणून मी तेथे गप्प बसलो. येथे बसणार नाही.

पगडींचा जन्म १९१० सालचा, निलंग्याचा. निलंगा आज लातूर जिल्ह्यात असले तरी १९८२ पर्यंत ते आमच्याच जिल्ह्यात होते. तेव्हा पगडी निम्मे तरी आमचे, हा हक्क आम्ही सोडलेला नाही. हैदराबाद संस्थानात उर्दू-फारसी पुष्कळांनी पोटासाठी शिकली. पगडींनी त्या शिदोरीचे काय केले ते पाहा. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी खाफीखान मराठीत आणला, भीमसेन सक्सेनाची ‘तारीखे दिलकुशा’ आणली, मोगल दरबारचे अखबार आणले.

“पण शत्रू खोटे लिहितो!” लिहितोच. खाफीखान शिवाजीमहाराजांना शिव्या देताना हात आखडत नाही. आणि तोच खाफीखान पुढे नमूद करतो की, मशिदीला, कुराणाला आणि कोणाच्याही स्त्रीला हात लावावयाचा नाही अशी या माणसाची सक्त ताकीद होती. हेच वाक्य आपल्या बखरकाराने लिहिले असते तर पदरच्या माणसाने गायिलेली स्तुती म्हणून कोणीही बाजूला सारले असते. द्वेष्ट्याच्या लेखणीतून ते नाइलाजाने उतरले, म्हणूनच त्याचे मोल.

भीमसेनाचेही तेच. बऱ्हाणपूरचा हा कायस्थ दलपतराव बुंदेल्याच्या पदरी दक्षिणेतल्या छावण्यांतून हिंडला. मराठ्यांचे कौतुक करण्याचे त्याला काही कारण नव्हते. मनसबदारांचे जहागिरीवाचून हाल, रयतेची नागवण, जमीनदारांचे मराठ्यांना जाऊन मिळणे, सारे तो घरातल्या माणसाच्या वैतागाने सांगतो. औरंगजेबाची एवढी फौज येथे का खचली, हे त्याच्याइतके जवळून पाहिलेला बखरकार मला तरी ठाऊक नाही. सभासदाची बखर मी टाकाऊ म्हणत नाही. पण एकाच पक्षाची जबानी ऐकून निकाल देणाऱ्या न्यायाधीशाला आपण काय म्हणू?

हा तंटा आपल्याकडेच आहे असेही नव्हे. आयर्लंडात १६४१ साली कॅथलिकांनी बंड केले. त्यात होरपळलेल्या प्रॉटेस्टंटांच्या जबान्या सरकारने लिहून घेतल्या. सुमारे ८००० जबान्या, ३१ खंडांत, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहेत. शतकानुशतके एका पक्षाने त्यांचा सोटा केला आणि दुसऱ्याने त्या खोट्या म्हणून झटकल्या. इतिहासकारांनी मात्र त्या ओळीने वाचल्या आणि २०१० साली सर्वांना खुल्या केल्या. सुडाच्या त्या कागदांतून कोणाची किती गुरे गेली, कोण कोणाचे देणे लागत होता, असा रोजचा संसार बाहेर आला.

आणि आपण? पावसाळ्यात नळदुर्गाला नर-मादीचे धबधबे पाहावयास माणसांची रीघ लागते. त्याच बंधाऱ्याच्या पोटात इब्राहिम आदिलशहाच्या काळचा पाणीमहाल आहे. आत फारसी लेख आहे. त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात. परांड्याचीही हीच तऱ्हा. ‘मलिक-ए-मैदान’ तोफ १५४९ साली अहमदनगरास ओतली गेली, परांड्यास राहिली आणि १६३२ मध्ये विजापुरास गेली. हे सांगण्याऐवजी वाटाडे भुयारांच्या गोष्टी सांगतात, आणि मुलांना त्याच आवडतात. मुलांवर माझा राग नाही. पदवी घेतलेल्या बापांवर आहे. आपल्या मुलाने फारसी किंवा मोडी शिकावी म्हणून जिल्ह्यातल्या किती बापांनी महाविद्यालयाचा उंबरठा झिजविला?

परांडा तालुक्यातल्या एका जुन्या वाड्यात मोडी कागदांचा एक रुमाल आहे. दर लक्ष्मीपूजनाला तो देव्हाऱ्यापुढे ठेवतात, हळदकुंकू वाहतात आणि पुन्हा फडताळात टाकतात. मी म्हटले, “दादा, एकदा सोडू या, मोडी वाचणारा घेऊन येतो.” दादांनी रुमालाची गाठ चाचपून पाहिली आणि हळूच विचारले, “आणि त्यात आमच्या थोरल्यांचे काही वेडेवाकडे निघाले तर?”