कॉफीचं वाळवण

भगिनींनो, आपल्या घरी चहा रोजचा आणि कॉफी कौतुकाची, जायफळ घातलेली. पण हल्ली मुलं शहरातून निरनिराळी पाकिटं घेऊन येतात. त्यावर ‘इथिओपिया’ आणि खाली ‘नॅचरल’ असं छापलेलं असतं. किंमत वाचून छातीच दडपते! हे नॅचरल म्हणजे काय आणि ते बेताच्या पैशात कसं मिळेल, ते आज पाहू.

नॅचरल म्हणजे वाळवणच की! कॉफीचं फळ साधारण करवंदाएवढं. गर काढून, धुऊन बी वाळवलं की ती ‘वॉश्ड’ कॉफी. फळ अख्खंच उन्हात वाळवून मग साल काढली की ‘नॅचरल’. तिला फळांचा गोडसर वास असतो. यात गर काढायचं यंत्र नको की भरपूर पाणी नको. त्यामुळे लहान शेतकऱ्याला ती परवडते. हरार भागात ही रीत जुनीच आहे. सिदामा, गुजीकडे उंच माच्यांवर फळं पसरतात, दोन-चार आठवडे सारखी हलवतात, पाऊस आला की झाकतात. ही निवडानिवड बहुतेक बायकाच करतात. थोडं दुर्लक्ष झालं तर बुरशी! कुरडया घालणारीला हे कष्ट सांगायला नकोत.

आता खरेदीचं. पाकिटावर नुसतं ‘आफ्रिकन’ असेल तर घेऊ नका. भागाचं आणि सहकारी संघाचं नाव पाहा. ओरोमियातल्या शेतकऱ्यांनी असा संघ १९९९ साली काढला, आपल्या दूध संघांसारखाच. पहिल्या प्रतीची कॉफी महाग असते. दूध घालून प्यायची असेल तर तिसरी-चौथी प्रत चालते, फुटके-काळे दाणे तेवढे निवडून टाकावेत.

कच्चे दाणे भाजलेल्यांपेक्षा स्वस्त पडतात आणि कोरड्या जागी काही महिने टिकतात. मिळाले तर चार घरांत मिळून घ्या. इथिओपियातल्या बायका पाहुण्यांसमोरच दाणे भाजतात. तुम्हीही जाड कढईत, मध्यम आचेवर, सतत हलवत भाजा. खिडकी मात्र उघडी ठेवा, धूर होतो. दाणे तडतडले आणि तपकिरी झाले की उतरवा, सुपात पाखडून गार करा आणि एक दिवसाने दळा.

आपल्याकडे परदेशी कॉफीवर आयात कर मोठा, म्हणून ती महागच पडणार. रोजच्यासाठी दुकानात ‘चेरी’ कॉफी मागा. कर्नाटकातली ही कॉफीही अख्खं फळ वाळवूनच केलेली असते. ‘प्लँटेशन’ म्हणजे धुतलेली. चिकोरी किती मिसळली आहे, तेही विचारून घ्या.

आणि एक सांगते. स्वस्ताई कुठून काढायची, तेही पाहायला हवं. २००१ साली जगात कॉफीचा भाव पौंडाला ५० सेंटच्याही खाली गेला, तेव्हा इथिओपियात कित्येकांनी कॉफी उपटून चाट नावाचं नशेचं झाड लावलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच भाव ४ डॉलरवर गेला. तेव्हा बचत करा ती प्रतीत, भाजण्यात, एकत्र खरेदीत. पिकवणारीच्या दामात नको.