बोलणारे यंत्र आणि मुकी पाने

आजचे युग यंत्रांचे युग आहे, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून लिहीत आलो. आता हे यंत्र बोलूही लागले आहे. अनेक संकेतस्थळांवर कर्ण्याचे चित्र असलेले बटण असते. ते दाबले की पान मोठ्याने वाचले जाते. 'चला, अंधांची सोय झाली!' असे समाधान आपण मानतो. हे समाधान फसवे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

साधा प्रश्न असा, की ज्याला दिसत नाही त्याने ते बटण शोधायचे कसे? आणि त्याला त्याची गरज तरी काय? त्याच्या संगणकावर किंवा मोबाईलवर पडदा वाचणारे साधन बहुधा असतेच. २००६ साली निघालेले 'एनव्हीडीए' तर विनामूल्य मिळते. मथळा कोणता, रकाना कशाचा, हेही ते सांगते; मात्र पान बनविणाऱ्याने तशी नोंद केलेली हवी. नोंद नसेल तर तेथे नाव भरायचे की गट नंबर, हे त्याने कसे ओळखावे?

मराठीची व्यथा तर निराळीच. युनिकोडपूर्वीच्या फाँटमधला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. यंत्र तेच वाचते आणि कानी निरर्थक बडबड पडते. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला, तर ते नुसते चित्र. चित्रातली अक्षरे ओळखणारी साधने आहेत. पण शिक्क्याखालचा आकडा ती चुकली, तर ऐकणाऱ्याला ते कळणार कसे?

माझ्या आईला अक्षरओळख नाही. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, म्हणून सारे कागद मीच वाचते. आईसारख्यांना बोलणारे बटण उपयोगी पडते, हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्याने वाचून दाखवायचे म्हणजे आपला उतारा, आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती द्यायचा. भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाडीवरून तालुक्याला जायचे तर एसटीची वाट पाहण्यात वेळ जातो. घरबसल्या काम होण्याची खरी निकड तेथल्या अंध माणसालाच, आणि दार त्याच्यासाठीच बंद!

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४२ ने ही जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल सेवा मिळणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला. तेव्हा ही दयेची नव्हे, हक्काची गोष्ट आहे.

मित्रहो, सरकारला दोष देताना आपणही काय करतो ते पाहू. फलकावरच्या सूचनेचा फोटो काढून आपण वर्गाच्या ग्रुपवर टाकतो. तीच सूचना युनिकोडमध्ये टंकून टाकली, तर आपल्या अंध वर्गबंधूला परीक्षेची तारीख कोणाला विचारावी लागणार नाही. याला खर्च नाही. पाच मिनिटे लागतात.