पानावरचे दव कोणी मोजावे?

गेल्या नोव्हेंबरात निफाड तालुक्यातील एका जुन्या विद्यार्थ्याकडे दोन दिवस राहण्याचा योग आला. अर्थशास्त्राची पदवी घेऊन तो वडिलांच्या द्राक्षबागेत परतला होता. पहाटे त्याच्याबरोबर बागेत गेलो, तेव्हा मांडवाखाली पानांच्याच उंचीवर तळहाताएवढी एक पांढरी पट्टी तिरपी बसवलेली दिसली. "सर, हे आमचे खोटे पान," तो म्हणाला. खऱ्या पानावर दव पडते तसे ते या पट्टीवरही पडते. ती किती वाजता ओली झाली आणि उन्हे आल्यावर किती वाजता सुकली, याची नोंद त्याच्या मोबाइलवर उमटते.

यंत्राचे तत्त्व साधे आहे. पट्टीवर धातूच्या बारीक रेघांच्या दोन जाळ्या एकमेकींत गुंतवलेल्या असतात, पण त्या एकमेकींना टेकत नाहीत. पाण्याचा थेंब त्यांना जोडतो, विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा घटतो आणि पान ओले झाल्याची नोंद होते. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात पाण्यामुळे पट्टीजवळच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल मोजतात. महत्त्व असते ते पान सलग किती तास ओले राहिले याला. पर्जन्यमापकाला दव दिसत नाही. आकाश निरभ्र असताना, पावसाचा थेंबही न पडता, पान रात्रभर ओले राहू शकते.

द्राक्षाला हे तास जीवनमरणाचे असतात. डावणी, म्हणजे पुस्तकी भाषेतला केवडा, या रोगाचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पातळ थरातून पोहत पर्णरंध्रापर्यंत जातात. तापमान अनुकूल असेल आणि पान काही तास ओले राहिले, तर लागण होते. पान त्याआधी सुकले तर ती टळते. भुरीची गोष्ट उलटी आहे. तिला हवेतील दमटपणा मानवतो, पण पानावर साचलेले पाणी लागत नाही. कोणत्या रात्री कोणत्या रोगाचे भय धरायचे, हे खोटे पान सांगू शकते ते यामुळे.

ही विद्या आजची नव्हे. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत असत. त्याच वेली केवड्यातून वाचल्या, हे तेथील प्राध्यापक मिलार्दे यांच्या नजरेस आले. १८८५ मध्ये त्यांनी ते मिश्रण जगापुढे मांडले आणि 'बोर्डो मिश्रण' खेड्यापाड्यांत पोहोचले. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मिल्स यांनी सफरचंदावरील रोगासाठी एक कोष्टक तयार केले. तापमान किती असता पान किती तास ओले राहिले म्हणजे लागण होते, हे त्यात दिले होते. १९४४ मध्ये ते विद्यापीठाच्या विस्तार-पत्रिकेतून शेतकऱ्यांच्या हाती आले. ज्ञान सार्वजनिक होते, म्हणूनच ते पसरले.

आज आपल्याकडे काय घडत आहे? माझ्या विद्यार्थ्याच्या बागेतील यंत्र एका खाजगी कंपनीचे आहे. यंत्राची किंमत वेगळी आणि सल्ल्याची वार्षिक वर्गणी वेगळी. वर्गणी थांबली की सल्लाही थांबतो. त्याच्या बागेतल्या रात्रींचा हिशेब कंपनीच्या संगणकात साठत जातो आणि शेजारच्या दीड एकरवाल्याला त्याचा काही उपयोग नाही. उसाच्या काट्यासाठी ज्यांनी आंदोलने केली, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. काटा ज्याच्या हाती, हिशेब त्याच्या हाती.

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची एक खूण सांगतात. ती एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. रोगाचा इशारा अगदी असाच आहे. शिवाय रोग बांध ओळखत नाही. एका बागेत वेळीच न थोपवलेली डावणी वाऱ्यापावसाबरोबर दुसऱ्या बागेत जाते. ज्याला वर्गणी परवडत नाही त्याची बाग आजारी पडली, तर ज्याला परवडते त्याच्याही फवारण्या वाढतात. अशी माहिती कुंपण घालून विकणे अन्यायाचे तर आहेच, पण अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही ते गैरहिशेबी आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. ही यंत्रे शेतात आणली ती खाजगी उद्योजकांनी. सरकारी खात्यांना ते सुचले नाही. ते मान्य केले पाहिजे. पण सार्वजनिक पाया मुळीच नाही असेही नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये 'महावेध' प्रकल्पात महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यास आरंभ केला. तेथे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वारा मोजतात. परंतु एका मंडळात अनेक गावे येतात, आणि मोकळ्या जागेतील खांबावरची हवा व मांडवाखालची हवा एक नसते. ओलाव्याचे यंत्र पानांमध्येच बसवावे लागते. धूळ आणि औषधाचा थर चढला की ते चुकीचे सांगू लागते, म्हणून ते पुसावे लागते. हे काम मुंबईहून होणार नाही. ते गावानेच केले पाहिजे.

आता मूळ प्रश्न. मी विद्यार्थ्याला विचारले, "यंत्र आल्यापासून तुझ्या फवारण्या कमी झाल्या का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, काही कमी झाल्या. पण फुलोऱ्यात यंत्र नको म्हणाले तरी मी फवारतो. बाग गेली तर यंत्र काही माझे कर्ज फेडणार नाही." त्याच्या या एका वाक्यात सगळे अर्थशास्त्र आहे. एका फवारणीचा खर्च थोडा, पण ती चुकल्यास वर्षाचे पीक जाण्याची भीती. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस लांबला, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांचे काय झाले ते त्याने पाहिले आहे. फवारणी हा त्याचा विमा आहे, आणि या विम्याचा हप्ता तो औषधाच्या दुकानात भरतो. पुष्कळ गावांत सल्ला देणारा आणि औषध विकणारा एकच असतो, हेही विसरता येत नाही.

या हप्त्याचा सगळा भार मात्र तो एकटा सोसत नाही. पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेला आदिवासी मजूर त्याच बागेत औषधाच्या वासात दिवस काढतो. कपाशीचा प्रदेश वेगळा, तरी यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, त्याचे स्मरण ठेवावे. अनावश्यक ठरलेली प्रत्येक फवारणी म्हणजे मजुराच्या छातीत कमी गेलेले विष. खोट्या पानाचे खरे मोल येथे आहे, आणि कंपनीच्या जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो.

तेव्हा केवळ यंत्र वाटून भागणार नाही. फवारणी न करण्याचा धोका कोणीतरी वाटून घेतला पाहिजे. माझ्या मते तीन गोष्टींचा आग्रह आपण धरावा. पहिली, द्राक्षाच्या गावांत सोसायटी वा उत्पादक संघाच्या मालकीची ओलाव्याची यंत्रे असावीत आणि त्यांच्या नोंदी रोज सकाळी गावाच्या फलकावर व मोबाइलवर सर्वांना खुल्या असाव्यात. दुसरी, त्या नोंदींवरून सल्ला द्यावा तो कृषी विद्यापीठाने आणि मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने. औषध विकणाऱ्याने नव्हे. तिसरी, हवामानावर आधारित फळपीक विम्याच्या निकषांत पानाच्या ओलाव्याच्या तासांना स्थान मिळावे. सार्वजनिक सल्ला मानून ज्याने फवारणी टाळली, त्याचे नुकसान झाल्यास भरपाईचा पहिला हक्क त्याचा असावा.

तिसरी मागणी सर्वांत अवघड आहे आणि तिच्यावाचून पहिल्या दोन लंगड्या राहतील. कार्यकर्त्यांनी सुरुवात मात्र पहिलीपासून करावी. एका गावात, एका सोसायटीत, दोन-तीन यंत्रे वर्गणी काढून बसवता येतील. हंगामाच्या अखेरीस किती फवारण्या वाचल्या आणि किती पीक गेले, याचा हिशेब ग्रामसभेत मांडावा. तो हिशेब हाती असेल, तर विमा कंपनीशी आणि शासनाशी बोलताना आपण रिकाम्या हातांनी जाणार नाही.

निघताना विद्यार्थ्याने फडक्याने ती पट्टी पुसली आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. रात्री पान सात तास ओले होते. बांधापलीकडे शेजारी ट्रॅक्टरला ब्लोअर जोडत होता. त्याच्याही पानांवर तेच दव पडले होते. त्याला तास ठाऊक नव्हते इतकेच.