वेचणीच्या दिवसांतली शाळा

दसरा उलटला की जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातल्या खेड्यांत शाळेचं हजेरीपत्रक विरळ होऊ लागतं. फत्तेपूर, तोंडापूरकडे अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला तर हे दरवर्षीचंच. कापूस फुटलेला असतो, मजूर मिळत नाही आणि वेचणीचे पैसे किलोवर, त्यामुळे घरातला प्रत्येक हात वावरात लागतो. सहावीतली मुलगी आधी धाकट्या भावाला बांधावर सांभाळते आणि दुपारनंतर ओटी बांधून स्वतःच ओळीला लागते. चार-सहा आठवड्यांनी ती वर्गात परतते तेव्हा अपूर्णांकांची बेरीज होऊन गेलेली असते, भागाकार चालू असतो. फळ्यावर काय चाललंय ते तिला समजत नाही, आणि 'मला समजलं नाही' असं चाळीस मुलांसमोर म्हणायला ती धजावत नाही.

ऑनलाइन शिक्षण, मिश्र शिक्षण यांवर बोलायचं तर मला या मुलीपासून बोलायचं आहे. ज्याला रोज शाळेत येता येतं, त्याला फोनवरचा धडा ही जास्तीची सोय. हिला मात्र तोच धडा वर्गाशी जोडून ठेवू शकतो. तरीही आजवर हे तंत्र सगळ्यात कमी पोहोचलं ते तिच्यापर्यंतच.

करोनाच्या काळात हे आपण पाहिलं. २०२० मध्ये राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' अशी मोहीम निघाली. रोज सकाळी व्हॉट्सॲपच्या गटावर अभ्यासमालेच्या लिंका येऊ लागल्या, दीक्षा ॲप वापरात आलं, २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली. प्रयत्न मनापासून होते. पण फोन घरात एकच, आणि तो वडिलांच्या खिशातून दिवसभर शेतात. वडील दिवेलागणीला घरी येत, मग फोन चार्जिंगला लागे, मग मोठ्या भावाचा अभ्यास, आणि धाकटीची पाळी येईपर्यंत तिचे डोळे मिटलेले. 'असर' या शैक्षणिक पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेलं. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी दर दहा मुलांमागे जवळपास चौघांच्या घरात स्मार्टफोनच नव्हता.

त्या दोन वर्षांत शिक्षण खऱ्या अर्थाने चालू ठेवलं ते लिंकांच्या पलीकडे गेलेल्या शिक्षकांनी. कुणी देवळाच्या सभामंडपात, कुणी घरांच्या ओट्यांवर पाच-सहा मुलं बसवली. कुणी स्वाध्यायाचे कागद छापून घरोघर दिले आणि आठवड्याने तपासून परत नेऊन दिले. हेच शिक्षक तेव्हा तपासणी नाक्यांवर उभे होते आणि सप्टेंबरपासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या पाहणीत दारोदार फिरत होते. शिक्षकाचं काम बदलतंय असं परिसंवादांत आता म्हटलं जातं. ओट्यावर बसलेल्या त्या गुरुजींनी ते तेव्हाच बदलून दाखवलं होतं. मुलगा कुठे अडलाय हे ओळखायचं, त्याला नेमका तेवढाच धडा द्यायचा, आणि तो झाला का हे पुन्हा जाऊन पाहायचं, असं ते काम होतं.

२०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली आणि अंतर्गत मूल्यमापनावर राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. परिस्थितीच तशी होती, त्याला इलाज नव्हता. पण निकालपत्रकावर उत्तीर्ण झालेल्या मुलांची वाचनातली आणि गणितातली तूट कुणी भरून काढली का, हा प्रश्न आपण सोडून दिला.

खानदेशाला तंत्राचं वावडं मुळीच नाही. धुळे जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळा डिजिटल करण्यासाठी अमेरिकेत नोकरी करणारे धुळ्याचे हर्षल विभांडिक गावोगाव फिरले. गावानं वर्गणी काढायची, उरलेली भर त्यांनी घालायची, अशी ती रीत. मजूर आईबापांनीही त्यात पैसे घातले. खानदेशाबाहेर, सोलापूर जिल्ह्यात परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडला, ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि डिसेंबर २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. या दोन्ही गोष्टींत वस्तूच्या मागे माणूस उभा होता. तो नसेल तर काय होतं हेही आपल्याला ठाऊक आहे. वीजबिल थकतं, मीटर कापलं जातं, आणि वर्गणीतून घेतलेला टीव्ही कपाटात बंद राहतो.

आता फोन घरोघर आलेत. पण २०२४ च्या 'असर'मध्ये फोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. मुलांना दोष देऊन काही हाती लागणार नाही. त्या फोनवर 'आज एवढं कर, उद्या मी विचारणार आहे' असं सांगणारं शाळेतलं माणूस हवं.

अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी शिकवत होते. वर्ग सुटल्यावर ते छात्रालयात मुलांसोबत राहत, त्यांच्यासाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक काढत, आणि १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. तासाबाहेरच्या वेळात मुलाशी जोडलेलं राहायचं, ही परंपरा आपल्याच जिल्ह्यातली आहे. साधन तेव्हा बोरू-शाई होतं, आता फोन आहे.

आजच्या गुरुजींना त्यासाठी वेळच उरत नाही, हे माझं खरं दुखणं आहे. सरल, यू-डायस, अपार आयडी या ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराची रोजची नोंद, आणि तातडीने मागवलेली माहिती वेगळीच. दोन शिक्षकी शाळेत एक जण मोबाइलवर माहिती भरत बसला की दुसऱ्याकडे चार इयत्ता. शाळांत आलेल्या तंत्राचा सगळ्यात मोठा वापर आज माहिती वर पाठवायला होतो आहे, शिकवायला नाही. हे उलटं झालंच पाहिजे. माहिती भरायला केंद्रशाळेच्या पातळीवर एक स्वतंत्र माणूस नेमा, त्याचा खर्च काही फार नाही.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ९ नुसार शाळेचं वार्षिक वेळापत्रक ठरवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे. कापसाच्या तालुक्यांसाठी जिल्हा परिषदेनं वेचणीचे आठवडे धरून ते आखावं. त्या दिवसांत संध्याकाळी तासभर गावातच वर्ग भरावा, नेट नसलं तरी चालतील असे छोटे धडे फोनमध्ये आधीच भरून द्यावेत, आणि परतलेल्या मुलांसाठी पहिले पंधरा दिवस मागचं भरून काढायला राखून ठेवावेत. मुलांनी कापूस वेचू नये, हे मलाही मान्य आहे. पण ते प्रत्यक्षात येईपर्यंत त्या मुलीचं सहावीचं वर्ष निघून जाईल.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. वेचणीचे दिवस त्यांच्याइतके कुणाला ठाऊक नसतात. जामनेर तालुक्यातल्या प्रत्येक समितीला माझी विनंती आहे : दसऱ्याआधीच्या बैठकीत हा विषय घ्या, ठराव करा, आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे सही-शिक्क्यानिशी पोहोचवा.